नाव उचकटलेला कॅमेरा

लाईट गेली ते बरंच झालं. साक्षी, तो मोबाईल उलटा ठेव, नाहीतर खाली जाऊन बस. भुताची गोष्ट सांगा म्हणून दोन दिवस माझं डोकं खाल्लंत, आता ऐकायची तर अंधारात ऐका. आणि पैंजण वाजवत येणारी बाई, पिंपळावरचा मुंजा, असलं काही पाहिजे असेल तर ते माझ्याकडं नाही. माझ्याकडं एकच गोष्ट आहे. ती वसंतानं मला सांगितली, आणि तिच्यातलं शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गावाचं नाव विचारायचं नाही. त्या घरातली माणसं अजून नांदताहेत, आणि मी सांगतो त्यातलं निम्मं त्यांनाही ठाऊक नाही.

वसंताचा घनसावंगीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या हंगामात ड्रोन उडवत फिरतो, नवरा-नवरीला उसाच्या फडात पळायला लावतो, सगळं करतो. पण त्याचं खरं वेड जुन्या कॅमेऱ्यांचं. जालन्यात ज्या उस्तादाकडं तो शिकला, त्यानं अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचं काम याच्या हाडीमाशी भिनवलं होतं. पुढं ते काम बंद पडलं, पण याच्या हातातून गेलं नाही. कुणाच्या माळ्यावर जुना कॅमेरा आहे असं कळलं की हा भरल्या ताटावरून उठतो. बायको कपाळाला हात लावते आणि ताट झाकून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर मच्छिंद्र त्याच्याकडं आला. त्याचं लग्न वसंतानंच शूट केलेलं, त्यामुळं येणंजाणं होतं. मच्छिंद्र म्हणाला, माझी आत्या तुला बोलावते. घरात एक लाकडी पेटी आहे, तिला काच आहे, नळकांडं आहे. आत्या म्हणते, ती कुणाची आहे ते एखाद्या जाणत्या फोटोवाल्यानं ओळखून द्यावं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वसंता गेला. घनसावंगीपासून गोदावरीच्या अंगानं अकरा-बारा किलोमीटर, दोन्ही बाजूंनी ऊस. गावाच्या कडेला घर, पुढं ओसरी, आत तीन खोल्या, वर पत्रे. पुष्पाबाई, म्हणजे मच्छिंद्रची आत्या, सदुसष्ट वर्षांची, पण अजून ताठ. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि भावाच्या लेकराला तिनंच लहानाचं मोठं केलं. तिनं चहा दिला. चहा संपेपर्यंत पेटीचं नाव काढलं नाही. मग आतून सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं आणून त्याच्यापुढं ठेवलं.

चादर सोडली आणि वसंता चहाची बशी हातात धरून तसाच बसला. सागवानी कॅमेरा. पितळी कोपरे, पितळी कड्या. उघडला की हार्मोनियमसारखा लाल चामड्याचा भाता पुढं सरकतो. पुढच्या टोकाला पितळी नळीत भिंग, मागच्या टोकाला दुधी काच. असल्या कॅमेऱ्याला वर डोळा लावायची जागा नसते. फोटोवाला डोक्यावर काळं कापड घ्यायचा आणि मागच्या काचेवर बघायचा. समोरचं सगळं तिथं उमटतं, पण उलटं. डोकी खाली, पाय वर. भिंगातून येतं ते उलटंच येतं, त्यात फरक होत नाही.

आता हा कॅमेरा कुणाचा? एरवी असल्या कॅमेऱ्यावर बनवणाऱ्याच्या नाहीतर स्टुडिओच्या नावाची पितळी पट्टी असते. वसंतानं खालची पटरी बघितली, भात्याच्या आत बॅटरी मारली, काचेची चौकट काढून मागून बघितली. अक्षर नाही, आकडा नाही. मग पुण्याच्या एका जाणकाराला त्यानं तिथूनच फोटो पाठवले. तो माणूस बारीक बारीक विचारत राहिला. लाकडाचा रंग कसा, भाता किती लांबतो, कोपऱ्यातले सांधे कसे जुळवलेत, वगैरे. शेवटी म्हणाला, विलायतेचा असेल, कलकत्त्याचा असेल, किंवा एखादा पाहून आपल्याकडच्या हुशार सुतारानं घडवलेला असेल. पट्टी नाही तर सांगणं अवघड. निदान पट्टीची जागा दिसते का बघा.

जागा दिसत होती. भिंगाच्या वर, मधोमध, दोन बारीक भोकं. पण भोकांच्या भोवतीचं लाकूड कपचे उडालेलं. पट्टी कुणी स्क्रू फिरवून काढलेली नव्हती. चाकू घालून उचकटली होती, तीही घाईत. सगळ्या कॅमेऱ्यावर दुसरा ओरखडा नाही, इतका जपून वापरलेला, आणि नाव तेवढं ओरबाडून काढलेलं. कॅमेरा निनावी नव्हता, त्याला कुणीतरी निनावी केला होता. वसंतानं विचारलं तेव्हा पुष्पाबाई म्हणाली, आम्ही हात लावला नाही, तो ठेवून गेला तेव्हाच पट्टी नव्हती.

आणि मग तिनं सांगितलं तो म्हणजे कोण.

तिची थोरली बहीण होती, कांता. सतरा वर्षांची. चौसष्ट सालच्या पावसाळ्यात रात्री जेवून चांगली झोपली, ती सकाळी उठलीच नाही. डोळे अर्धे उघडे, अंग लुळं, हाकेला ओ नाही. गावातल्या वैद्यानं नाडी बघितली आणि मान हलवली. तेव्हा घरोघर फोटो नसायचे. माणूस गेलं की मग घरच्यांच्या लक्षात यायचं, अरे, याचं तोंड पुन्हा दिसणार नाही. मग पळापळ करून फोटोवाला आणायचा. मयताला न्हाऊ घालायचं, नवं लुगडं नेसवायचं, खुर्चीत बसवायचं, मागून कुणीतरी मान धरायची आणि घरच्यांनी भोवती उभं राहायचं. तोंडं वाकडी करू नका, तुमच्या आजोबांच्या घरातही असा एक फोटो होता. शेजारच्या गावी बाजाराला एक फिरता फोटोवाला आला होता. कांताच्या बापानं छकडं पाठवून त्याला आणला. फोटो काढून झाला, दिवस मावळायच्या आत कांताला नदीवर नेली. माणसं परत आली तर फोटोवाला निघून गेलेला. कॅमेरा मात्र ओसरीत ठेवून गेलेला. धावपळीत त्याचं नावही कुणी विचारलं नव्हतं.

"बाप म्हणायचा, त्याची वस्तू हाय, तो आला की द्यायची. तवर घराभाईर न्यायची न्हाई," पुष्पाबाई म्हणाली. "बाप गेला, भाऊ गेला. तो काई आला न्हाई. आन् मला आता आक्काचं तोंड आठवत न्हाई, वसंता. लई जोर लावते, पर न्हाई येत. हा कॅमेरा कोनाचा ते तू बराबर हुडकून काढ. त्याच्या लेकरा-नातवाकडं आक्काचा फोटू असंल."

एवढंच तिचं मागणं होतं. साठ वर्षांनी बहिणीचा फोटो.

वसंता नाही म्हणायच्या बेतात होता. ज्याला नाव नाही, गाव नाही, त्याचा नातू कुठं शोधणार? चादरीची घडी घालताना तिच्यातून आणखी एक चपटी लाकडी चौकट निघाली, पाटीएवढी. त्या काळी फोटो काचेवर घ्यायचे, ती काच उजेडापासून जपून ठेवायची ती हिच्यात. चौकटीला सरकती झडप असते, एका कडेला पांढरी, दुसऱ्या कडेला काळी. उस्तादानं शिकवलेलं त्याला आठवलं. काच कोरी असली की पांढरी कड बाहेर, फोटो घेऊन झाला की काळी कड बाहेर. इथं काळी कड बाहेर होती. त्यानं चौकट हळूच हलवली. आत काच होती.

म्हणजे तो माणूस फोटो घेऊन गेलाच नव्हता. त्यानं तो धुतलाच नव्हता. साठ वर्षं फोटो याच घरात, याच चादरीत होता.

वसंतानं तिला तसं सांगितलं. पुष्पाबाई खाली बसली. वसंताला वाटलं, आता विचारेल, आक्काचं तोंड दिसंल का. तिनं ते विचारलं नाही. ती म्हणाली, "त्याच्यात समदी मानसं येतील का? उभी व्हती तशी?" काच बुरसली नसेल तर येतील, असं तो म्हणाला. "मंग धू," ती म्हणाली. पण काच घराबाहेर न्यायला तिनं बिलकुल नकार दिला. बापाचा शब्द.

म्हणून वसंतानं औषधं मागवली आणि तिच्याच घरी, मागच्या खोलीत काच धुवायचं ठरवलं. त्या खोलीच्या पत्र्याला फटी होत्या. दिवसा ऊन यायचं, रात्री चांदणं. जितका काळोख तितकं काम चांगलं. लोक अमावस्या टाळतात, यानं ती कॅलेंडरात शोधून काढली. मंगळवार, बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. कार्तिकातली अमावस्या. पुष्पाबाई म्हणाली, आज अमुशा हाय, लेकरा. हा म्हणाला, म्हणून तर आलोय.

दहा वाजता मच्छिंद्र उसाला पाणी द्यायला गेला, मोटारीची लाईट रात्रीच येते म्हणून. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. घरात दोघंच. लांब रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत चालले होते, तेवढाच आवाज.

पुण्याच्या माणसानं आणखी एक सांगितलं होतं. दुधी काचेवर उमटलेल्या चित्राचा फोटो पाठवा, भिंग कुठल्या जातीचं ते त्यावरून थोडंफार कळेल. वसंता म्हणाला, ते आधी उरकू. ओसरीत तिकाटणं उभं केलं, कॅमेरा चढवला, लग्नातला मोठा लाईट भिंतीवर सोडला. समोर काहीतरी पाहिजे म्हणून पुष्पाबाईनं निळी प्लास्टिकची खुर्ची आणून भिंतीपाशी ठेवली. तेव्हा कांताला बसवलं होतं, त्याच जागेवर. मग आपणहून दाखवायला लागली. हितं मागं चुलती, मान धरून. हितं बाप. हितं माय. आन् हितं मी.

ती तिथं उभी राहिली आणि एक हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला. हात खाली ठेवायला ती थोडी वाकली. आठ वर्षांच्या मुलीचा हात जेवढ्या उंचीवर असेल, तेवढ्या उंचीवर.

साडेदहा वाजले होते. वसंतानं डोक्यावर काळी चादर घेतली.

आधी नुसता उजेड. त्यानं भिंग मागंपुढं केलं. चित्र जमायला लागलं. भिंत उलटी. पुष्पाबाई उलटी, डोकं खाली. निळी खुर्ची उलटी, पाय वर.

खुर्चीवर कुणीतरी होतं.

त्याला वाटलं, काचेवर डाग आहे. त्यानं बोटानं पुसलं. गेलं नाही. पिवळट लुगडं. कलती मान. डोळे अर्धे उघडे.

आणि ती सुलटी होती.

तुम्ही ऐकलेलं असतं, भुताचे पाय उलटे. त्या काचेवर सगळ्यांचेच पाय वर होते. तिचे एकटीचे खाली.

वसंता चादरीतून बाहेर आला. खुर्ची रिकामी. पुष्पाबाई दांडीवर हात ठेवून तशीच वाकलेली. "दिसतं का?" तिनं विचारलं. "दिसतं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पळून का नाही गेला, असं मीही त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, अण्णा, माझे पाय मला विचारत नव्हते. तो परत चादरीत गेला.

ती होतीच. अंगाला हालचाल नाही. हात मांडीवर, मेल्यासारखे. फक्त डोळे… डोळे सावकाश सरकले. पुष्पाबाईकडून… याच्याकडं.

ती अंगावर आली नाही. ओरडली नाही. बघत होती. माणूस ज्याच्यावर सगळा भार टाकतो, त्याच्याकडं बघतं ना, तसं. वसंता म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी एवढंच कळलं. तिला काहीतरी पाहिजे होतं, आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं, आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

त्यानं काचेवर पंजा टेकला. काच गार होती. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं. भिंगातून येतं ते उलटंच येतं. ही सुलटी आहे. म्हणजे ही भिंगातून आलेली नाही. ही समोर नाहीच.

ही आत आहे.

त्यानं भिंगावर टोपी घातली. लाईट बंद केला. पुष्पाबाईला एवढंच म्हणाला की आता काच धुतो, मी हाक मारेपर्यंत दार उघडू नका. तुम्ही म्हणाल, मग तरी निघायचं. पण ती म्हातारी साठ वर्षं थांबलेली. तिला काय सांगून निघणार होता?

मागची खोली. दार लावून त्याला खालून गोधडी लावली. बॅटरीवरचा लाल दिवा, तेवढा उजेड काचेला चालतो. तीन ताटल्या, एकीत औषध, एकीत पाणी, एकीत हायपो. झडप सरकवून त्यानं काच बाहेर काढली आणि औषधात सोडली. ताटली हलवत राहिला. हे काम हाताला इतकं सवयीचं की जिवात थोडा जीव आला.

कितीतरी वेळ काही नाही. मग काळं धरायला लागलं. धुताना सगळं उफराटं दिसतं, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. पण वसंताला ते पाटीवरच्या अक्षरासारखं वाचता येतं. फेटा आला. बाप. पदर आला. माय. मागं वाकलेली चुलती. सगळे स्पष्ट, मिशीचा केस मोजावा इतके. त्या काळी फोटोला चार-पाच सेकंद लागायचे. हललं ते फिसकटतं, फोटोवाला ओरडायचा, हलू नका. कुणीच हललं नव्हतं. एक लहान मुलगी, परकर-पोलक्यातली. तीही स्पष्ट. डोळे मोठे केलेले. तिनं खुर्चीतल्या मुलीचं बोट मुठीत धरलं होतं.

खुर्चीतलं लुगडं स्पष्ट. मांडीवरचा हात स्पष्ट. मुठीतलं बोट… फिसकटलेलं.

आणि तोंड नव्हतंच. तोंडाच्या जागी एक ओढलेला फरांटा. लहान मुलीच्या दिशेनं.

मेलेलं माणूस हलत नाही, पोरांनो. त्या फोटोत हलूच शकणार नाही असा एकच माणूस होता. तोच हलला होता.

तिच्या अंगावर साप चावल्याची खूण नव्हती म्हणे. मण्यार चावली की खूण राहतच नाही. झोपेत चावते. अंग लुळं पडतं, पापण्या उचलत नाहीत, जीभ हलत नाही, श्वास इतका बारीक होतो की कळत नाही. पण कान जागे असतात. सगळं ऐकू येतं. आता असल्या माणसाला दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर ठेवतात आणि आठ दिवसांत ते आपल्या पायांनी घरी येतं. चौसष्ट साली कुठलं मशीन?

ते मण्यारीचंच होतं का, मला माहीत नाही. वसंताला मात्र त्या लाल दिव्यात एक कळलं, की कॅमेऱ्याचं नाव कुणी उचकटलं आणि का. काळ्या कापडाखाली त्या फोटोवाल्यानं काहीतरी बघितलं होतं. आणि तो बोलला नव्हता.

दाराशी आवाज झाला. पुष्पाबाई दाराला पाठ लावून खाली बसली असावी, आवाज खालून आला.

"वसंता. आली का?"

"येऊन राह्यलीय, आत्या."

 मग ती बोलली.

"मी आक्काचं बोट धरलं व्हतं. तो मोजत व्हता. तवा तिनं बोट दाबलं. मी म्हनले, आक्का हलली. बापानं मुस्काटात दिली. तो फोटोवाला म्हनला, पोरगीच हलली असंल. मंग मी गप बसले."

वसंता ताटली हलवायचा थांबला.

"कोनाला सांगितलं न्हाई म्या. नवऱ्याला न्हाई, भावाला न्हाई. मला बी वाटतं, लेकरूच व्हते, मीच हलले असंल… तू फोटूवाला हायेस. हललेलं फोटूत दिसतं म्हनत्यात. एवढंच सांग मला. कोन हललंय? मी का ती?"

…

तिला तोंड बघायचं नव्हतं रे. तिला हे विचारायचं होतं. साठ वर्षं.

खरं सांगावं तर त्या बाईनं उरलेले दिवस कसे काढायचे? आठ वर्षांची असताना तुझंच बरोबर होतं, तुझी बहीण जिवंत होती, आणि तुझ्यादेखत तिला नेऊन… नाही. आणि खोटं सांगावं, तर जिनं होतं नव्हतं ते बळ एका बोटात आणलं, तिला दुसऱ्यांदा गप करायचं. वसंता मला म्हणाला, अण्णा, दोन्हीकडून मीच मारणारा होतो.

"तुमी हलल्यात, आत्या," तो म्हणाला. "तुमचंच तोंड फिसकटलंय. आक्काचं बराबर हाय. शांत हाय."

दारापलीकडं ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. पुष्कळ दिवसांचं दुखणं उतरल्यावर माणूस रडतं तशी. मग म्हणाली, "दाखव मला."

आता दाखवणार काय? काच खोटं बोलत नाही. काच हायपोत बुडवली की कायमची पक्की होते. त्याआधी तिला उजेड लागला की सगळी काळी ठिक्कर पडते. वसंतानं काच हायपोत घातली नाही.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. बॅटरी लावली. काचेवर धरली.

बाप काळा झाला. माय काळी झाली. परकर-पोलकं गेलं. शेवटी खुर्ची… त्याला वाटलं, तो फरांटा आता लहान मुलीकडं नव्हता. त्याच्याकडं वळला होता. मग तेही काळं झालं.

आणि मग त्याला ऐकू आलं. त्याच खोलीत. बारीक, थांबत थांबत… कुणीतरी श्वास घेत होतं. त्यानं आपला श्वास रोखून धरला. तरी येत होता.

त्यानं दार उघडलं. काळी काच पुष्पाबाईच्या हातात दिली. लई जुनी होती आत्या, उजेडात येताच काळी पडली, असं म्हणाला. तिनं काच फिरवून फिरवून बघितली. पदरानं पुसली. "आसू दे," म्हणाली. "तू बघितलंस ना. तेवढं बास."

सकाळी मच्छिंद्र आला तेव्हा ती गाढ झोपली होती. इतक्या वर्षांत आत्या उन्हं वर येईपर्यंत कधी झोपली नव्हती, असं तो मला म्हणाला. उठल्यावर तिनं कॅमेरा वसंताच्या गाडीत ठेवायला लावला. आता ने, आमचं काम झालं, म्हणाली. अजून आहे ती. हसते, बोलते, रात्री झोपते. म्हणून म्हणतो, गावाचं नाव विचारू नका.

वसंता झोपत नाही. पुण्याच्या माणसाचे फोन येतात, कॅमेरा ओळखला का म्हणून. तो उचलत नाही.

गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडं गेलो होतो. दुपारचे दोन, त्रेचाळीस डिग्री, जीभ टाळूला चिकटेल असं कोरडं ऊन. त्यानं दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि कॅमेरा टेबलावर उघडून ठेवला. बघा, म्हणाला. दुधी काचेच्या मधोमध रुपयाएवढा ओला ठिपका होता. थंडीत आपण काचेला तोंड लावल्यावर उमटतो ना, तसा. मी रुमालानं पुसला. गेला नाही. आतून होता.

वसंतानं चौकट काढली, काच आतून पुसली, भाता पूर्ण उघडून मला दाखवला. आत काही नव्हतं. कोरडं चामडं. त्यानं काच परत बसवली.

आम्ही दोघं टेबलाला टेकून उभे राहिलो.

ठिपका आला. विरला. परत आला. विरला…

मध्येच एकदा फार वेळ आला नाही. वसंतानं टेबलाची कड घट्ट धरली.

मग आला.